अर्धी सिनी, चार वेळा

फिकिर्तेने टोपली ओट्यावर ठेवली आणि वरचं फडकं बाजूला केलं, तेव्हा एमामा तिरुनेशना आधी वाटलं, लेकीने कातायला कापूस आणलाय. मग त्या कापसाला दोन काळे डोळे फुटले आणि तो शिंकला.

"हे काय गं?"

"कुत्रं आहे, आई."

"असं? मग बाकीचं कुठंय?"

बाकीचं कुठेच नव्हतं. होतं ते सगळं टोपलीतच होतं. वय दहा आठवडे, वजन सव्वा किलो, नाव तेफ. ज्या धान्याचा दाणा बोटातून निसटला तर पुन्हा सापडत नाही, त्याचं नाव फिकिर्तेने मोठ्या हौसेने पिल्लाला दिलं होतं, आणि ते त्याला शोभतही होतं. एमामांच्या लेखी कुत्रं म्हणजे फाटकापाशी पडून राहणारं, उरलंसुरलं खाणारं आणि अनोळखी माणसाच्या पोटऱ्यांना भिडणारं जनावर. त्यांनी पिल्लाला मानेपाशी धरून उजेडात उलटंसुलटं पाहिलं.

"हे चोराला अडवणार, की चोराच्या खिशात बसून त्याच्या घरी नांदायला जाणार?"

"आई, ठेव ते खाली! वुबित, तू ऐक. मला बँकेने हवासाला पाठवलंय, आठ दिवस शिकायला. तेवढे दिवस तूच बघ. हे दाणे. अर्धी सिनी, चार वेळा. सकाळी, मध्यान्हीच्या आधी, दुपार कलल्यावर आणि निजण्यापूर्वी. भिजवून द्यायचे. बाकी काही म्हणजे काही नाही."

"अर्धी सिनी?" एमामांनी विचारलं. सिनी म्हणजे कॉफीचा कप. कान नसलेला, मुठीत मावणारा. तो अर्धा भरून कुणापुढे ठेवणं एमामांच्या घराण्यात आजवर घडलेलं नव्हतं.

"अर्धीच. लहान जात आहे ती."

वुबितने मान डोलावली. ती एमामांची सून. नवरा देरेजे जिबुतीच्या बंदरापर्यंत ट्रक नेई, तो महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असे. मांडीवर पाच महिन्यांचा किरुबेल होता. किरुबेल गुणी होता, हसरा होता, पण बारीक होता. त्यांच्या गुलेले वस्तीच्या चढावरून जाणारी प्रत्येक बाई फाटकातून डोकावून आधी त्याला "देव मोठं करो" म्हणे आणि मग वुबितकडे बघून "बारीकच आहे हो" म्हणे. हे दुसरं वाक्य वुबित रात्री अंथरुणात घेऊन जाई. आता हा दुसरा बारीक जीव पदरात पडला, तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की निदान हे पिल्लू तरी फिकिर्तेच्या हातात परत देताना धडधाकट असलं पाहिजे. नाहीतर गावभर होईल, की हिच्या हाताला यशच नाही.

वेळ मात्र मोठी नामी होती. एमामांचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपास चालू होता. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, आणि मिकाएलच्या चर्चमधली दुपारची प्रार्थना सुटेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. त्याच आवारात, समोरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मेदिनाचा रमजान चालू होता. तिला सूर्य बुडेपर्यंत काही चालत नव्हतं. वुबितही उपास धरून होती. अंगावर पाजणारीला सूट असते, हे तिला ठाऊक होतं. पण एमामा "तू खा" असं म्हणाल्या नव्हत्या आणि तिने "मी खाऊ का" असं विचारलं नव्हतं. दोन वर्षांची सून असल्या गोष्टी विचारत नाही.

थोडक्यात, दिवसाउजेडी त्या अख्ख्या आवारात तोंड हलवणारे दोनच जीव होते. किरुबेल आणि तेफ. आणि उपाशी बायकांना दुसऱ्याला खाताना बघण्याइतकं सुख दुसऱ्या कशात नसतं.

पहिल्याच दिवशी वुबितने अर्धी सिनी मोजून घातली. तेफने ती तीन श्वासांत संपवली, बशी चाटली, बशीखालची जमीन चाटली आणि मान वर करून असं पाहिलं, की वुबितला उठून आतच जावं लागलं. एमामा मात्र तिथेच बसून होत्या.

"अर्धी सिनी," त्या पिल्लाला म्हणाल्या. "लाज वाटते की नाही आमच्या पोरीला? पाहुणा तू आमचा."

आता एमामांची अडचण समजून घेतली पाहिजे. कॉफी एकदा कधीच दिली जात नाही. पहिली फेरी, दुसरी फेरी आणि तिसरी आशीर्वादाची. तिसरी न घेता जो उठला, तो घरचा आशीर्वाद नाकारून उठला. चाळीस वर्षं ज्या हाताने सिनी तीनदाच भरली, तो हात एकदा, आणि तीही अर्धी, कसा भरणार? त्यांनी पिशवीत हात घातला. पहिली. दुसरी. "आणि ही आशीर्वादाची, घे बाळा." तिन्ही काठोकाठ.

हे दिवसातून किती वेळा झालं, ते एमामांनी पुढे कधी नीट सांगितलं नाही. वुबित आपल्या चार वेळा इमानाने घालत होती. चर्चमधून आल्यावर एमामा आपल्या तीन घालत होत्या. संध्याकाळी रोजा सुटायच्या सुमाराला मेदिना विकायचे सामोसे तळायला बसे, तेव्हा तीही मागे नव्हती. कुत्र्याची लाळ अंगाला लागली तर तिला हातपाय सात पाण्यांनी धुवावे लागत. म्हणून ती दहा पावलं लांब उभी राहून मसुराचं सारण नेम धरून फेके. तेफ हवेतच झेलायला शिकलं. मेदिनाचा नेमही सुधारला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेफ उठलं, पण चालेना. त्याचं पोट आधी पुढे जाई आणि पाय मागून येत. दुपारपर्यंत त्याने ओटा, पायपुसणं आणि देरेजेचा रविवारचा बूट, असं तिन्ही ठिकाणी खराब करून ठेवलं.

वुबितने पिल्लू ओढणीत गुंडाळलं, किरुबेलला एमामांच्या पाठीशी बांधलं आणि चौघांची वरात डॉक्टर गेताहुनच्या दवाखान्यात पोचली. किरुबेलने दारातच भोकाड पसरलं, म्हणून एमामा बाहेर फेऱ्या मारत राहिल्या.

डॉक्टरांनी तेफच्या पोटावर टिचकी मारली. पिकलेल्या कलिंगडासारखा आवाज आला.

"काय देता?"

"अर्धी सिनी. चार वेळा. शपथेवर सांगते."

"घरात माणसं किती?"

"मी आणि सासूबाई. समोर एक शेजारीण."

"आणि खायला घालणारी?"

वुबितने दाराकडे पाहिलं. बाहेर एमामा किरुबेलला जोजवता जोजवता एकदम दुसरीकडे बघायला लागल्या.

"तसं," डॉक्टर म्हणाले. "आता ऐका. सकाळीच दोन सिनी दाणे मोजून एका डब्यात काढायचे. दिवसभराचं तेवढंच, डबा संपला की दिवस संपला. त्याचेच चार भाग. आणि खायला घालणारा हात एकच. बाकीच्यांचे बांधून ठेवा हवं तर. हे झालं जास्तीचं. पण उपाशी ठेवणं याहून वाईट. मोठं कुत्रं दिवसभर उपाशी राहिलं तरी शेपूट हलवेल. याचं पोट अक्रोडाएवढं, साठवणार कुठे? फार वेळ रिकामं राहिलं, तर रक्तातली साखर उतरते. अंग गार पडतं, थरथरतं, पाय धरत नाहीत, डोळे मिटायला लागतात. तसं दिसलं तर थांबायचं नाही. मध नाहीतर साखरेचं पाणी हिरड्यांना चोळायचं, आणि मला फोन करायचा. कळलं? ... तुम्ही बसा बरं जरा. तुमचाच चेहरा पांढरा पडलाय."

"चढ होता ना," वुबित म्हणाली.

परतताना मिनीबस गच्च भरलेली, किरुबेल रडतोय, तेफला पुन्हा घाई झालेली. एमामांनी विचारलं, "काय म्हणाले?" वुबितने त्यांना डॉक्टरांचं अर्धंच बोलणं सांगितलं. नेमकं जे सांगण्याची तिला तीन दिवस इच्छा होती तेच अर्धं.

"जास्त खाऊन झालंय म्हणाले, एमामा. आता माझ्याशिवाय कुणी घालायचं नाही."

घरी आल्यावर एमामांनी मेदिनाला बोलावलं, दोघी ओट्यावर उभ्या राहिल्या. एमामांनी मिकाएलची शपथ घेतली, मेदिनाने आपल्या देवाची. आणि दोघी पिल्लाकडे, सासरी निघालेल्या नवरीकडे बघावं तशा बघत राहिल्या.

दोन दिवस सगळं बरं चाललं. पोट उतरलं. पायपुसणं वाळलं. तेफ पुन्हा चपलांच्या मागे धावायला लागलं. आणि शुक्रवारी किरुबेलला टोचायला न्यायचं होतं.

वुबित अंधारातच तयार झाली, कारण आरोग्य केंद्रावरची रांग सूर्याच्या आधी उगवते. तेफ टोपलीत गाढ झोपलं होतं. ते उठवून कसं खाणार? म्हणून ती एमामांना म्हणाली, "डबा कपाटावर आहे. उठलं की अर्धी सिनी भिजवून द्या, आणि मध्यान्हीच्या आधी अर्धी. आजच्या दिवस तुमची शपथ मी सोडवली."

"तू जा, पोरी. मी बघते त्याचं."

एमामा खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी पाहिलंच. ओट्यावर बसून पिल्लाकडे टक लावून पाहिलं आणि त्यांच्या मनात विचार आला, की या मुक्या जिवाचं पोट बिघडलं ते आपल्यामुळे. आपण पाप केलं, आता निस्तरलं पाहिजे. आणि बिघडलेल्या पोटावर, रागावर, तापावर, नवऱ्याच्या दारूवर, फार काय, देशावरच्या संकटावरसुद्धा एमामांना एकच औषध माहीत होतं. चाळीस वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं.

"मी पंचावन्न दिवस करते," त्या तेफला समजावून म्हणाल्या. "तुला एक शुक्रवार जड आहे? प्रार्थना सुटली की दोघं मिळून सोडू. बघ कसं हलकं वाटतं."

तेफने सकाळभर दोनदा बशी चाटली. एकदा ते मेदिनाच्या दारापर्यंत गेलं. मेदिना आतून म्हणाली, "बाबा रे, माझी शपथ आहे," आणि तिने दार लावून घेतलं. मग ते परत आलं आणि एमामांच्या पायाशी शांत पडून राहिलं. एमामांना कौतुक वाटलं. किती समजूतदार! मोठ्या माणसांनाही इतका निमूट उपास जमत नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा वुबित फाटकातून आत आली. किरुबेल टोचून, रडून, दमून पाठीवर झोपला होता. "खाल्लं का त्याने?" तिने चप्पल काढता काढता विचारलं.

"अगं, उपास धरलाय त्याने. बघ कसा पडलाय शहाणा."

वुबितने वाकून हात लावला. अंग गार होतं. तिने उभं करायला पाहिलं, तर चारही पाय चार दिशांना गेले. ओठ बारीक थरथरत होते.

"एमामा! साखर! साखरेचं पाणी! डॉक्टर म्हणाले होते, रिकामं पोट राहिलं की असं होतं, मरतं ते!"

"हे तू मला सांगितलं नाहीस!"

"सांगायचं राहिलं! साखर!"

एमामा साठाव्या वर्षी जशा धावल्या तशा त्या सोळाव्या वर्षीही धावल्या नसतील. चुलीवरचं कोमट पाणी सिनीत ओतलं, फळीवरून डबा ओढला, चमचा घातला, ढवळलं. मेदिना आरडाओरडा ऐकून ओल्या हातांनी धावत आली. आणि सिनी बाहेर आणता आणता एमामा उंबऱ्यावर थबकल्या.

"फळीवर दोन डबे उघडे आहेत," त्या म्हणाल्या.

"मग?"

"एक मिठाचा. मी मीठ घातलं का साखर? साखर शेवटची चमचाभर होती. ती काल कॉफीत संपली, की आत्ता मी घातली? डबा तर रिकामा आहे!"

तिघी सिनीत बघू लागल्या. पाणी नितळ होतं. त्याने काहीच सांगितलं नाही.

"चाखा ना!" मेदिना म्हणाली.

"मी? प्रार्थना सुटायला अजून वेळ आहे! तू चाख."

"एमामा, माझा रोजा! सूर्य डोक्यावर आहे!"

"जिभेच्या टोकाला लाव आणि थुंकून टाक."

"तुम्हीच लावा आणि थुंका!"

"मी चाळीस वर्षांत कधी —"

"मीठ असेल आणि ते याच्या पोटात गेलं तर —"

वुबितने एमामांच्या हातातून सिनी काढून घेतली आणि तोंडाला लावली. गोड होतं. तिने सिनी खाली करायला हवी होती. डोक्याने तसं सांगितलंही. पण त्या गोड कोमट पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरला आणि तिचा हात तिचं ऐकेना. दुसरा घोट गेला. तिसरा गेला. डोळे मिटले. जेव्हा तिने सिनी खाली केली, तेव्हा ती अर्धी होती आणि दोघी बायका आ वासून तिच्याकडे बघत होत्या.

"साखर आहे," वुबित म्हणाली.

मग तिने बोट बुडवलं आणि तेफच्या हिरड्यांना चोळलं. एकदा, दोनदा, पुन्हा. मेदिना दहा पावलं विसरून त्याचं डोकं धरून बसली. एमामा अंगावरच्या पांढऱ्या नेतेला शालीच्या पदरात त्याला गुंडाळून मिकाएलला सांगत होत्या, की माझ्या आयुष्यातला एखादा महिना यातून कापून घे, दोन घे. वुबित फक्त बोट बुडवत होती आणि मनात म्हणत होती, हे तरी नको. हे एवढंसं तरी माझ्या हातून जायला नको.

पाचव्या का सहाव्या बोटाला एक गुलाबी जीभ बाहेर आली आणि तिने ते बोट चाटलं.

मग डोळे उघडले. मग एक कान हलला. थोड्या वेळाने तेफने मान वर केली, तिघींना ओळखलं आणि सुटकेचा निःश्वास सोडावा तसं एमामांच्या नेतेलावर मुतलं.

"देवा, तुझे उपकार!" एमामा म्हणाल्या. ज्या नेतेलावर एक डाग पडला म्हणून त्यांनी गेल्या वर्षी धोबिणीशी महिनाभर अबोला धरला होता, तोच ओला पदर त्यांनी डोळ्यांना लावला. मेदिना एकदम हसायला लागली, आणि मग थांबेचना.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "छान केलंत. आता भिजवलेले दाणे, थोडे थोडे, दर दोन तासांनी. आणि उद्या घेऊन या." वुबितने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खालीच बसली. तिचे हात आत्ता कुठे थरथरायला लागले होते.

एमामांनी ते हात पाहिले. मग ओठ पाहिले. मग पुढे होऊन तिचा पंजा आपल्या हातात घेतला. तो गार होता.

"काय काय म्हणाले होते डॉक्टर?" त्यांनी सावकाश विचारलं. "अंग गार पडतं. थरथरतं. पाय धरत नाहीत. आणखी?"

वुबितने हात ओढून घ्यायला पाहिलं.

"तू सकाळी काय खाल्लंस?"

"उपास आहे ना, एमामा."

"कुणाला?"

"मला."

"कुणी सांगितला?"

"तुम्ही ... तुम्ही खा म्हणाला नाहीत."

"खा म्हणायला लागतं? पाजणारी बाई तू! मला वाटलं, मी चर्चला गेले की तू खात असशील. मला वाटायचं, माझ्यासमोर खायला लाजते, म्हणून मी मुद्दाम उशिरा यायची!" एमामांचा आवाज चिरकला. "पंधरा-पंधरा मिनिटं फाटकाबाहेर उन्हात उभी राहायची मी!"

"आणि मी," वुबित रडता रडता म्हणाली, "तुम्ही याल म्हणून भांडीसुद्धा वाजवत नव्हते."

मग तिने राहिलेलंही सांगून टाकलं. आज केंद्रावर किरुबेलला काट्यावर ठेवलं. गेल्या महिन्यापेक्षा जेमतेम मूठभर वाढला. नर्सने विचारलं, बाई, तू स्वतः काय खातेस? आणि तिने सांगितलं, सगळं खाते.

मेदिना उठली, घरी गेली आणि संध्याकाळच्या विक्रीतले सहा सामोसे ताटलीत घेऊन आली. स्वतः त्यांचा वाससुद्धा न घेता, मान वळवून, तिने ताटली वुबितपुढे ठेवली. वुबितने सहाही खाल्ले. दोन्ही उपाशी बायका समोर बसून ते डोळे भरून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी एमामांनी आपल्या पाद्रीबाबांना घरी बोलावलं. ते म्हातारे गृहस्थ सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "लेकराच्या तोंडातला घास काढून देवाला देऊ नये. देवाला तो चालत नाही." मग त्यांनी तेफकडे पाहून विचारलं, "आणि हे काय आहे?" त्यांना सांगण्यात आलं, की हे कुत्रं आहे.

त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद लागला. एमामांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मेदिनाने लिहिलं. चार ओळी, चार वेळा. दर वेळी झालं, की एमामा कोळशाने पुढे रेघ मारत. तेफचा डबा कपाटावर होताच. त्याला आता वुबितशिवाय कुणी हात लावत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष दारावरच्या कागदावर लागलेलं असे. एखादी रेघ उशिरा पडली, तर मेदिना समोरून ओरडून विचारी, "एमामा, मध्यान्हीचं झालं का हो?"

ठरल्या दिवशी फिकिर्ते हवासाहून आली. तेफने तिच्या भोवती चार गिरक्या घेतल्या. ते टुणटुणीत होतं, पोट जागेवर होतं, डोळे चमकत होते. तिने त्याला उचलून गालाशी धरलं.

"वुबित, किती छान सांभाळलंस गं! मी तिकडे काळजीने अर्धी झाले होते." तेवढ्यात तिची नजर दारावर गेली. "बघा! रेघासुद्धा मारल्यात! आमच्या बँकेत कुणी एवढं काटेकोर —"

ती वाचायला लागली आणि तिचा आवाज खाली खाली जात राहिला.

"‘सकाळी गेन्फोची लापशी, वाडगाभर, वर लोण्याचा गोळा. मध्यान्हीच्या आधी ओट्सचं अतमित, मोठा पेला. दुपारी दोन इंजेरा भाकरी, शिरोचं कालवण, एक अंडं, नाही म्हटलं तरी द्यायचंच. निजताना दूध आणि पाव. संपेपर्यंत समोरून उठायचं नाही.’ आई! सव्वा किलोच्या जिवाला? वाडगाभर गेन्फो? हे मेलं कसं नाही अजून? वुबित, मी तुला काय सांगितलं होतं?"

किरुबेल मांडीवर पोट भरून झोपला होता. वुबितला उत्तर द्यायचं होतं, पण तिच्या तोंडात घास होता, आणि एमामा दुसरा घास हातात धरून, लेकीकडे ढुंकूनही न बघता, सुनेपुढे बसल्या होत्या.